बारकं चालू होईना

६ ऑक्टोबरच्या रात्री मी मोबाईलवर 'छोटा ट्रॅक्टर चालू होऊन बंद पडतो' असं टाकून तासभर शोधत बसले होते, आणि समोर येत होतं ते सगळं नव्या ट्रॅक्टरच्या किमती आणि सबसिडीचं. चौदा वर्षं जुनं मशीन शेतात मधोमध बंद पडलंय त्याचं काय करायचं ते कुणीच सांगेना. आता आमचं चालू झालंय तर जसं घडलं तसं लिहून ठेवते, चुकांसकट, कारण यातल्या निम्म्या चुका माझ्याच आहेत.

नाशिकच्या दिंडोरी रोडला ढकांब्याच्या पुढं आत आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे, थॉमसन जातीची. ट्रॅक्टर १८ एचपीचा, तीन सिलेंडर डिझेल, २०११ चा. दोन ओळींत नऊ फूट अंतर, त्यात मोठा ट्रॅक्टर घातला तर काड्या मोडतात, म्हणून हा. घरात त्याला कुणी ट्रॅक्टर म्हणत नाही, बारकं म्हणतात. 'बारकं काढ', 'बारक्यात डिझेल टाक', असं. चालवायचे नाना, म्हणजे वडील. ऑगस्टमध्ये नानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मी राहते पंचवटीत, अकाउंटचं काम घरून करते, तर बाग माझ्याकडं आली. बारकं चालवता येत होतं मला, पण बॉनेट आयुष्यात उघडलं नव्हतं.

१ ऑक्टोबरला खंडेनवमी, २ ला दसरा. नाना दरवर्षी बादली आणि फडकं घेऊन बारकं धुतात, अर्धा दिवस जातो त्यात. मी विचार केला कशाला, फवारणीचा जोराच्या धारेचा एचटीपी पंप आहे की घरात, त्याची गन लावली आणि धुतलं. सप्टेंबरच्या शेवटच्या पावसाचा चिखल असा थराथरानं निघत होता की मला मजाच वाटायला लागली, बॉनेट उघडून आतून पण धुतलं, डिझेलच्या टाकीच्या झाकणावर चिकट काळा थर होता तो जवळून गन मारून साफ केला. नाना पडवीत खाटेवरून बघत होते, बोलले काही नाहीत. दुसऱ्या दिवशी झेंडूचा हार, नारळ, आपट्याची पानं, चाकाखाली लिंबू ठेवून चालू केलं, लगेच चालू झालं, दोन फूट पुढं घेतलं, बंद केलं. नानांनी फोटो काढायला लावला.

६ तारखेला सोमवारी ब्लोअर जोडून फवारणीला काढलं. छाटणी २० सप्टेंबरची, म्हणजे सोळावा दिवस, तीन-चार पानांची फूट होती, वरून पाऊस झालेला, डाउनी बुरशीची भीती सगळ्यांनाच. चार ओळी झाल्या. पाचव्या ओळीला बांधाकडच्या उतारावर वळवलं आणि आवाज बदलला, एकदम वर जायचा, एकदम खाली, जसं कुणी ॲक्सिलेटर ओढतंय-सोडतंय, आणि मग दोन धक्के खाऊन गप्प. सेल्फ मारला, फिरतोय, पकडत नाही. परत मारला. परत. मी घाबरून बहुतेक वीस-वीस सेकंद सेल्फ धरून ठेवला असेल, शेवटी नुसतं टक-टक करायला लागलं. हे करू नका. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर धरायचा नाही आणि मध्ये अर्धा मिनिट तरी सोडायचं, नाहीतर चांगला सेल्फ आणि चांगली बॅटरी आपणच खराब करतो आणि मग मूळ बिघाड कुठला आणि आपण केलेला कुठला तेच कळत नाही. माझं तेच झालं.

शेजारचे आबा मोठा ट्रॅक्टर घेऊन आले, साखळी लावून ओढलं, गिअरमध्ये क्लच सोडला, दोनदा भकभकलं आणि बंद. आबा म्हणाले, "बॅटरी गेली बाई." त्यांच्याच ब्लोअरनं उरलेली फवारणी करून घेतली, दीड हजार रुपये. पुढं अजून तीन वेळा तसंच करावं लागलं.

रात्री नानांना सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, "सेल्फ मारताना धूर कोणता होता?" मी म्हटलं धूरबीर काही बघितला नाही. "बघायचा," म्हणाले आणि कुशीवर वळले. मला रागच आला, म्हटलं इथं फवारणी राहिलीय आणि यांना धुराचा रंग पाहिजे.

७ तारीख बॅटरीत गेली. बॅटरी चौदा महिन्यांची, वॉरंटीत होती, तर म्हटलं क्लेम करू. नाशकातल्या द्वारका चौकाच्या पुढं दुकान, तिथं कार्ड मागितलं. कार्ड होतं, त्यावर दुकानाचा शिक्का, तारीख, सिरीयल नंबर होता पण गाडीचा नंबर लिहायचा रकाना कोरा. तो माणूस म्हणाला नंबर लिहून आरसीची झेरॉक्स जोडा, आणि क्लेम असा लगेच होत नाही, आधी आम्ही पूर्ण चार्ज करून ठेवतो, मग लोड टेस्ट. तर एक रात्र बॅटरी तिथंच. दुसऱ्या दिवशी गेले तर म्हणाला बॅटरी एकदम ओके आहे, नुसती उतरवली होती तुम्ही. चार्जिंगचे १०० रुपये. येताना ३५० रुपयांचा मल्टीमीटर घेतला आणि तो माझा या सगळ्यातला सगळ्यात चांगला खर्च. पूर्ण चार्ज बॅटरी निवांत असताना १२.६ च्या आसपास दाखवते, आणि सेल्फ फिरताना साडेनऊच्या खाली जायला नको. आमची साडेदहाला थांबली. म्हणजे बॅटरीचा विषय संपला. हे मी ६ तारखेलाच बघू शकले असते.

९ ला इलेक्ट्रिशियन आला. सेल्फ थोडा जड फिरतोय म्हणाला, खोलला, कार्बन ब्रश झिजलेले होते ते खरं, मी बघितले, एक तर पार पातळ. ब्रश आणि मजुरी ८५०. त्यानं अजून एक काम केलं ते महत्त्वाचं, बॅटरीची अर्थ वायर चासीला जिथं बोल्टनं बसते तिथला गंज पॉलिश पेपरनं घासून काढला. सेल्फ आता खणखणीत फिरायला लागला. बारकं मात्र चालू होईना. फक्त जोरात चालू होईना.

१० तारखेला एचएसआरपीची, म्हणजे सरकारी सुरक्षा नंबर प्लेटची, अपॉइंटमेंट होती, ती हुकली. त्याचं थोडं सांगते कारण हे पण सगळ्यांच्या मानगुटीवर आहे. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या सगळ्या गाड्यांना ही नंबर प्लेट लागते, ट्रॅक्टरला पण, मुदत तेव्हा ३० नोव्हेंबर होती. ट्रॅक्टरचे दुचाकीइतकेच, ४५० अधिक जीएसटी म्हणजे ५३१ रुपये. मी सप्टेंबरमध्येच ऑनलाइन बुक केलं होतं. गाडी नंबर, चासी नंबर, इंजिन नंबर आणि मोबाईल लागतो. आमच्या आरसीवर इंजिन नंबरमधलं एक अक्षर शून्य आहे का इंग्रजी ओ आहे तेच कळेना, दोनदा 'माहिती जुळत नाही' आलं, तिसऱ्यांदा ओ टाकल्यावर घेतलं. ओटीपी नानांच्या मोबाईलवर, नाना फोन उशाखाली ठेवून झोपलेले. एवढं करून मिळालेली तारीख, आणि गाडी शेतात मेलेली. पाच मिनिटं अक्षरशः रडले त्या दिवशी, बाकी कुणी बघितलं नाही. पुढची तारीख २६ नोव्हेंबरची घेतली.

११ ला फिटर मिळाला. छाटणीच्या हंगामात फिटर मिळणं म्हणजे काय ते बागाईतदारांनाच माहीत. आल्या आल्या त्यानं नोझलवरच्या, म्हणजे सिलेंडरमध्ये डिझेल फवारतो त्याच्यावरच्या, पाईपचा नट ढिला करून मला सेल्फ मारायला सांगितलं. थेंब नाही. तिन्ही नोझलला तेच. "पंप गेला ताई," म्हणाला. पंप काढून डिझेल लॅबला, म्हणजे पंप-नोझल तपासून दुरुस्त करतात तिथं, द्यायचा, नऊ ते बारा हजार धरून चाला, आणि दिवाळी तोंडावर आहे तर आठ-दहा दिवस. व्हिजिटचे ३०० घेतले आणि म्हणाला मंगळवारी येऊन पंप काढतो.

मी नानांना सांगितलं. "धूर?" म्हणाले. या वेळी मी बघितलं होतं, सायलेन्सरमधून काहीच येत नव्हतं, पांढरा नाही, काळा नाही, वाफसुद्धा नाही. "म्हणजे डिझेल पोचतच नाही. पांढरा धूर आला असता तर पोचतंय पण पेटत नाही. पंप गेला का नाही ते नंतर, आधी पंपापर्यंत तरी येतंय का ते बघितलं का त्यानं?" नव्हतं बघितलं. मी पण विचारलं नव्हतं.

तर १२ तारीख, रविवार, चुलतभावाला सुट्टी होती, आम्ही दोघं आणि पाना-पक्कडचा डबा. नाना खुर्ची टाकून सावलीत. टाकीपासून सुरू करायचं ठरलं. बारक्यात रस्ता असा आहे: टाकी, तिच्या खाली काचेची वाटी, तिथून रबरी पाईप फीड पंपाला, मग फिल्टर, मग मोठा पंप, म्हणजे फिटर गेला म्हणाला तो, मग नोझल. वाटी उघडली तर आत तपकिरी काहीतरी, चहाच्या गाळासारखं, बोटाला शेवाळ लागावं तसं. आणि त्यात जे होतं ते बोटांवर चोळलं तर बुळबुळीत लागेना. वास डिझेलचा, पण हाताला पाणी.

मग टाकीच रिकामी करायची ठरवली. आईनं लोणच्याची रिकामी काचेची बरणी दिली, परत मागणार नाही या अटीवर. टाकीच्या तळाचा बोल्ट सोडला, पहिली बरणी भरून बाजूला ठेवली, बाकीचं कॅनमध्ये. पाच मिनिटांत बरणीत सरळ रेघ तयार झाली. वर पिवळसर डिझेल, खाली तीन बोटं पाणी, आणि दोघांच्या मध्ये तो काळपट सायीसारखा थर लोंबत होता, हलवलं की हलायचा. डिझेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला साधारण ८३० ग्रॅम, त्यामुळं पाणी कायम तळाला बसतं. टाकीचं डिझेल बाहेर पडायचं तोंड तळापासून थोडं वर असतं म्हणून दसऱ्याला दोन फूट चालवलं तेव्हा काही झालं नाही, आणि बांधाच्या उताराला टाकी कलंडली तेव्हा पाणी थेट पाईपात गेलं. आणि तो काळा थर काही आठवड्याभरातला नाही, पाणी आणि डिझेल जिथं भेटतं तिथं तो वाढत राहतो, म्हणजे थोडं पाणी आधीपासूनच असणार. बाकीचं मी घातलं. एचटीपीच्या गननं. झाकणाचं रबर सपाट होऊन तुटलेलं होतं आणि झाकणाला वर एक बारीक भोक.

नाना बरणीकडं बघत म्हणाले, "म्हणून मी फडक्यानं पुसतो." दसऱ्यापासून पोटात ठेवलेलं वाक्य होतं ते.

अकरा लिटर डिझेल गेलं, नव्वदच्या वर भाव होता, हिशोब करा. वरचं स्वच्छ दिसणारं पण परत टाकीत टाकलं नाही, हत्यारं आणि पार्ट धुवायला ठेवलंय. टाकी दोन वेळा थोड्या थोड्या डिझेलनं खळखळून धुतली, पाण्यानं अजिबात नाही. १३ ला नवा फिल्टर आणला २२० चा, वाटीचं गॅस्केट ४०. आणि झाकण. द्वारकेच्या दुकानात तसं झाकण तेव्हा नव्हतं, दोन दिवसांनी या म्हणाला. तर मी हुशारी केली. सायकलच्या ट्यूबचं गोल रबर कापून झाकणात बसवलं, आणि ते वरचं बारीक भोक, जिथून पाणी जातं, ते एमसीलनं बुजवून टाकलं. लक्षात ठेवा हे.

मग एअर काढला, म्हणजे डिझेलच्या रस्त्यात अडकलेली हवा. हे प्रत्येकानं शिकून ठेवावं असं काम आहे, घाबरण्यासारखं काही नाही, फक्त घाई करायची नाही. फिल्टरवरचा एअरचा स्क्रू दोन आटे सोडायचा, फीड पंपाचा हाताचा दांडा मारत राहायचं, आधी नुसता फेस येतो, मग फेस आणि डिझेल, मग बुडबुडे नसलेलं सलग डिझेल, की दांडा मारता मारताच स्क्रू आवळायचा. मग मोठ्या पंपावरच्या स्क्रूला तेच. मग नोझलचे नट ढिले करून सेल्फ, तिथून डिझेल उडायला लागलं की आवळायचे. हात आणि तोंड लांब ठेवा, त्या पाईपातलं प्रेशर कातडीच्या आत डिझेल घालतं, ती साधी जखम नसते. आम्ही गॉगल लावला होता, फवारणीचा. चौथ्या सेल्फला पांढऱ्या धुराचा एक मोठा लोट आला, मग काळा, मग धडधड. चुलतभावानं शिट्टी मारली. मी त्या फिटरला फोन करून उद्या येऊ नका म्हणून सांगितलं.

पंचवीस मिनिटांनी बंद पडलं.

ती संध्याकाळ सगळ्यात वाईट. वाटी बघितली, स्वच्छ. फिल्टर नवा. दहा मिनिटं चिडून बसलो आणि सहज सेल्फ मारला तर चालू! परत पंधरा-वीस मिनिटं, परत तेच, आवाज वर-खाली आणि गप्प. आबा येऊन गेले, त्यांच्या मते पंप गरम होऊन सोडतोय. फिटरला परत फोन करावा का असं झालं. नाना पण या वेळी काही बोलले नाहीत, धूर विचारला, कमी होत होत संपला म्हटल्यावर "डिझेलच कमी पडतंय" एवढंच.

१४ ला एक डोकं चाललं, माझं नाही, चुलतभावाचं. शेजारी घराचं बांधकाम चालू आहे, तिथून गवंडी लेव्हल बघायला वापरतात ती पारदर्शक नळी आणली हातभर. वाटी आणि फीड पंपाच्या मधला काळा रबरी पाईप काढून तात्पुरती ती लावली, कारण काळ्या पाईपात काय चाललंय ते दिसत नाही ना. एअर काढून चालू केलं आणि मी नळीसमोर उकिडवी बसले. सुरुवातीला नळी पूर्ण भरलेली, डिझेल चाललंय हे सुद्धा कळत नव्हतं इतकं सलग. बारा-तेरा मिनिटांनी वाटीकडच्या क्लिपपाशी एक बुडबुडा, मोहरीएवढा. मग त्याच्यामागं दुसरा. मग नळीच जराशी चपटी व्हायला लागली, आत ओढल्यासारखी, स्ट्रॉनं घट्ट लस्सी ओढताना होते तशी. आवाज खाली-वर सुरू झाला. मी ओरडले, "झाकण काढ!" का ओरडले ते माहीत नाही, बहुतेक त्या चपट्या नळीकडं बघून. त्यानं टाकीचं झाकण फिरवलं आणि फुस्स असा आवाज झाला, कुकरची शिट्टी काढल्यासारखा फक्त उलटा, हवा आत जाणारा. नळी टुण्णकन गोल झाली, बुडबुडे वाहून गेले, आवाज सरळ.

ते भोक पाणी जायला नव्हतंच. डिझेल जितकं खाली जातं तितकी हवा वरून आत यायला होतं ते. मी ते एमसीलनं बंद केलं होतं. टाकीत ओढ तयार व्हायची, डिझेल खाली उतरेना, आणि बंद पडल्यावर दहा मिनिटांत कुठूनतरी हळूहळू हवा शिरली की परत चालू. तुमचं मशीन ठरावीक वेळ चालून बंद पडत असेल आणि थांबून परत चालू होत असेल तर बाकी काही खोलायच्या आधी झाकण ढिलं करून चालवून बघा. फुकट आहे.

जुना काळा पाईप हातात घेऊन वाकवला तर क्लिपखाली बारीक चिरा, तिथून हवा ओढत होता. नवा पाईप आणि क्लिपा १६०, तांब्याचे वॉशर ६० चे. तांब्याचा वॉशर एकदा दबला की परत तोच लावायचा नाही, दोन-चार रुपयांसाठी तिथूनच हवा शिरते. झाकण १५ ला मिळालं, २८०. दुकानात जाताना जुनं झाकण बरोबर न्या, मॉडेल सांगून भागत नाही, आटे वेगळे निघतात. आणि ती नळी काढून टाकली, डिझेलमध्ये ती कडक होते, कायमची ठेवायची वस्तू नाही.

आता बंद पडत नव्हतं, पण लंगडत होतं. निवांत चालताना एक ठोका चुकल्यासारखा. नानांनी सांगितलं एकेक नोझलचा नट जरासा ढिला करून बघ, ज्याचा ढिला केल्यावर आवाज पडतो ते सिलेंडर काम करतंय, ज्याचा ढिला करून काहीच फरक पडत नाही ते बसलंय. पहिलं, आवाज पडला. दुसरं, पडला. तिसरं, काहीच नाही. पाणी नोझलपर्यंत पोचलं असणार.

तिन्ही नोझल काढले, इन्सुलेशन टेप लावून १, २, ३ लिहिलं, उघड्या भोकांत स्वच्छ फडकं कोंबलं, आणि १६ ला आडगाव ट्रक टर्मिनसच्या बाजूला एका डिझेल लॅबमध्ये दिले. पावती, त्यावर नंबर, आणि 'दिवाळीनंतर'. दुसऱ्या दिवशी वसुबारस, लोकांच्या ट्रकचे पंप रांगेत, माझे तीन बोटभर नोझल कोण विचारतो. दोन फोन केले, मग सोडून दिलं. त्या दिवाळीत आमच्याकडं फटाक्यांपेक्षा आबांच्या ट्रॅक्टरचा आवाज जास्त झाला. भाऊबीज २३ ला, २५ ला शनिवारी गेले. मी म्हटलं मला बघायचंय, तर त्या मिस्त्रींनी खरंच टेस्टरवर लावून दाखवलं. हातानं दांडा दाबला की प्रेशरचा काटा चढतो, १२० च्या आसपास गेला की नोझल उघडतो. पहिल्या दोघांतून धुक्यासारखा बारीक फवारा, खट् आवाज करून. तिसऱ्याची सरळ धार आणि टोकाला थेंब लोंबलेला. आम्ही रोज फवारणी करणारी माणसं, चोकअप झालेला नोझल कसा दिसतो ते मला कुणी सांगायला नको, फक्त तेच इंजिनच्या पोटात पण असतं हे डोक्यात आलं नव्हतं. नवा नोझल आणि तिघांचं टेस्टिंग मिळून हजार. मी विचारलं पंप पण आणू का, तर म्हणाले, "चालतोय ना? मग कशाला हात लावताय?"

२६ ला बसवलं, एअर काढला, दुसऱ्या सेल्फला चालू आणि तिन्ही ठोके सारखे. त्याच आठवड्यात परत पाऊस, सगळ्या तालुक्यात लोक रात्रीअपरात्री फवारण्या करत होते, आमचं बारकं पण त्यात होतं. बागेचं नुकसान झालंच थोडं, पण तो वेगळा विषय.

नोव्हेंबरच्या मध्यात थंडी पडली, निफाडचा पारा पेपरात यायला लागला, आणि सकाळी सातला बारकं पुन्हा नाटक करायला लागलं. पण या वेळी मी आधी मागं जाऊन धूर बघितला. पांढरा, भरपूर. म्हणजे डिझेल येतंय, पेटत नाहीये. दुपारी मात्र लगेच चालू. हीटर प्लग, म्हणजे चालू करायच्या आधी सिलेंडर आतून तापवणारे. तिन्ही प्लगना जोडणारी पट्टी काढली, बॅटरीच्या प्लसवरून एक बल्ब वायरनं प्रत्येकाच्या टोकाला लावून बघितला, चांगल्या प्लगला बल्ब लागतो, गेलेल्याला लागत नाही. तिनातला एकच जिवंत होता. तिन्ही बदलले, ३८० ला एक, ११४०. काढताना आधी इंजिन गरम करून घ्या, थंडीत जोर लावला तर प्लग आतच तुटतो म्हणे, मी त्या प्रयोगाला गेले नाही. आता चावी हीटरवर वीस सेकंद, मग सेल्फ.

दुरुस्तीचा सगळा खर्च, मल्टीमीटर धरून, ४,५०० झाला. डिझेल वेगळं. आबांच्या ब्लोअरचं भाडं ६,०००. यातले बॅटरीचे १०० आणि फिटरचे ३०० सोडले तर बाकी काही वाया गेलं असं वाटत नाही, सेल्फचे ब्रश पण कधीतरी गेलेच असते.

२६ नोव्हेंबरला सकाळी एचएसआरपीला बारकं घेऊन म्हसरूळला गेले. पावतीची प्रिंट, आरसी, आधार सगळं फाईलमध्ये. फेब्रुवारीत आरसीची पंधरा वर्षं संपत होती, ती पुढं वाढवायचा नमुना २५ चा अर्ज मुदतीच्या आधीच्या ६० दिवसांत करता येतो, गाडी पेठ रोडला आरटीओत दाखवायला न्यावी लागणार होती, तेव्हा ही प्लेट लागणारच होती. दिंडोरी रोडला मागून गाड्या हॉर्न मारत होत्या, मी डाव्या कडेनं आपली चाललेली. रांगेत माझ्या पुढं अकरा स्कूटर आणि एक टेम्पो. नंबर आल्यावर पोरगा ड्रिल घेऊन आला आणि म्हणाला, "ताई, बंद करा, प्लेट लावायचीय."

मी म्हटलं, चालूच राहू दे ना, दोन मिनिटांचं काम.

"हलतंय ताई, भोक वाकडं जाईल."

बंद केलं. त्यानं पुढची लावली, मागची लावली, फोटो काढला, मोबाईलवर काहीतरी टाकलं, सही घेतली. मागं टेम्पोवाला वाट बघत होता. मी चावी हीटरवर धरली, वीस मोजले, जरा जास्तच मोजले, आणि सेल्फ मारला.